मत नसलेल्यांची सभा : शेती सहकाराच्या सामाजिक दायित्वाच्या अभ्यासाला प्रस्तावना

कल्याणचा दुर्गाडी किल्ला मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका सुरू होतो आणि पहिले गाव लागते ते कोन. कागदोपत्री कोन, बोलण्यात कोनगाव. २०११ च्या जनगणनेने त्याची नोंद नगर म्हणून केली, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा राहिला. हमरस्त्याला लागून दुकाने, चाळी आणि नव्या इमारती, त्यांच्यामागे गोदामांची पत्र्याची छपरे, आणि या सगळ्यांच्या फटीत अजून तग धरून असलेली भाताची खाचरे. शेतीच्या सहकारी संस्थेने समाजासाठी काय करावे आणि ते कुणाला विचारून ठरवावे, या विषयाची ओळख करून देताना असे गाव समोर का घ्यायचे, असा प्रश्न वाचकाला पडेल. लोणी किंवा वारणानगर असे साखर सहकाराचे गाव घेतले असते तर सोपे गेले असते हे खरे. पण जिथे संस्थेचा सभासद, जमीन कसणारा आणि गावात राहणारा हे तिघे मिळून एकच माणूस असतो, तिथे हा प्रश्न फारसा उभाच राहत नाही. खाडीकाठच्या गावांत हे तिघे केव्हाच वेगळे झाले आहेत, आणि म्हणून विषयाची खरी परीक्षा इथे होते.

एक खुलासा आधीच करतो. पुढे मी ‘सोसायटी’ म्हणेन तेव्हा कोनमधली एखादी विशिष्ट संस्था माझ्या मनात नाही. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यातली कुठलीही विविध कार्यकारी सेवा सोसायटी समजावी : खरिपाचे पीककर्ज देणारी, खताची गोणी विकणारी, बहुधा रेशनचे दुकानही चालवणारी, आणि एका गटसचिवाच्या जिवावर चालणारी.

या विषयात नव्याने येणाऱ्यांचा पहिला गोंधळ ‘सीएसआर’ (कंपन्यांचे सामाजिक दायित्व) या अक्षरांनी होतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले आणि १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली. सहकारी संस्था त्या कायद्याखाली नोंदलेली नसते, त्यामुळे ही सक्ती तिच्यावर नाही. तिचा रस्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधून जातो. नफा झाला तर त्याचा किमान चौथा भाग राखीव निधीत जातो (कलम ६६) आणि शिक्षण निधीची वर्गणी द्यावी लागते. त्यानंतर कलम ६९ येते. त्यानुसार निव्वळ नफ्याच्या वीस टक्क्यांपर्यंतची रक्कम, शासनाने अधिसूचित केलेल्या संघीय संस्थेच्या मान्यतेने, सहकारी, धर्मादाय किंवा अन्य सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येते. काढलीच पाहिजे असे नाही. कंपनीला दोन टक्क्यांची सक्ती आणि सोसायटीला वीस टक्क्यांपर्यंतची मुभा, या फरकावरच एखाद्याने प्रबंध लिहावा.

व्यवहारात ही मुभा कशी वापरली जाते, ते वार्षिक सर्वसाधारण सभेला बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. अहवालवाचन होते, ताळेबंदाला मंजुरी मिळते, लाभांशावर थोडी कुरकुर होते. धर्मादायाची रक्कम येते ती बऱ्याचदा विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या मथळ्याखाली. कुणीतरी शाळेच्या वह्यांचे सुचवतो, कुणी मंदिराच्या सभामंडपाचे. मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा होतो आणि चहा येतो. वह्या आणि सभामंडप यांत वाईट काही नाही. पण याला धोरण म्हणत नाहीत. ज्यांच्यासाठी हे ठरले त्यांच्यातले किती जण त्या मांडवात होते, हा प्रश्नही कुणी विचारत नाही.

खरी अडचण सहकाराच्या मूळ तत्त्वातच बसलेली आहे. आंतरराष्ट्रीय सहकारी आघाडीने १९९५ च्या मँचेस्टर अधिवेशनात सहकाराची सात तत्त्वे नव्याने मांडली. सातवे तत्त्व समाजाविषयीच्या आस्थेचे : सहकारी संस्था आपल्या परिसराच्या शाश्वत विकासासाठी काम करतात, आणि ते करतात सभासदांनी संमत केलेल्या धोरणांतून. वाक्याचा दुसरा भाग नीट वाचावा. काम साऱ्या परिसराचे, संमती फक्त सभासदांची. आपला कायदाही तेच सांगतो : एका सभासदाला एक मत, आणि नाममात्र सभासदाला मत नाही. लोकशाहीचा हा नियम सोडावा असे कुणी म्हणणार नाही. मात्र निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांच्यातले बहुसंख्य मताबाहेर असतील, तर त्यांचे म्हणणे सभेपर्यंत पोचवण्याची दुसरी काही रीत लागते. विचारविनिमयाचे हे शास्त्र त्या रीतीचा शोध आहे. बाकीचे सगळे, तक्ते, प्रश्नावल्या, शिबिरे, ही त्याची अवजारे.

महाराष्ट्रात न विचारता केलेले सामाजिक कामही थोर दर्जाचे होते, हे आधी मान्य केले पाहिजे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या प्रवरेच्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. एक प्रवरा खोऱ्यातला शेतकरी, दुसरा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा पहिला संचालक असलेला अर्थतज्ज्ञ. ही जोडी जमली आणि साखरेच्या पोत्यामागे शाळा, दवाखाना, महाविद्यालय अशी रांग लागली. पुढे राज्यभर कारखान्यांनी हाच कित्ता गिरवला. लोकांना काय हवे ते संस्थापकांना कळत होते, कारण ते त्यांच्यातच उठत-बसत होते. पण जाणता माणूस गेल्यावर जाणतेपणा वारशाने येत नाही. कारखान्याच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या किती शिक्षणसंस्था पुढे स्वतंत्र विश्वस्त मंडळांच्या हाती गेल्या आणि ऊस घालणाऱ्या सभासदाला तिथे बोलायची सोयही उरली नाही, हे गावोगावच्या वाचकांना मी सांगायला नको.

आणि ऊसतोड कामगार? तो तर पहिल्यापासूनच हिशेबाबाहेर. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, आजारपणाने एक दिवस चुकला तर ‘खाडा’. कारखाना त्याच्या घामावर चालतो, पण कारखान्याच्या लेखी तो मुकादमाचा माणूस. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. जवळपास सात दशके शाळा-दवाखाने काढणाऱ्या चळवळीला तो प्रश्न बाहेरून कुणीतरी सांगावा लागला, यातच सगळे आले. साखर सहकाराच्या समाजशास्त्रासाठी बी. एस. बाविस्कर आणि डोनाल्ड ॲटवुड यांचे लेखन अभ्यासकाने वाचावेच. सत्ता, जात आणि ऊस यांचे नाते त्यांनी जितके उलगडले तितके क्वचितच कुणी.

याच्या अगदी उलटे उदाहरण पुरंदर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव परिसरात पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम आज वाचले तरी चकित करतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरते. उसाला पाणी नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. इथे सामाजिक दायित्व म्हणून नफ्यातून वेगळा निधी काढलेला नाही. पाणी वाटण्याच्या मुख्य कामातच ते मुरवले आहे. भूमिहीनाला मोजणीत धरले की नियम कसे बदलतात, ते पाहण्यासाठी महाराष्ट्रात याहून चांगला धडा मला माहीत नाही. संस्थेचे दायित्व तिच्या देणग्यांत शोधू नये, तिच्या रोजच्या धंद्यात शोधावे, हा माझा आग्रह त्यातूनच आला आहे.

आता कोनकडे वळू. समजा, सोसायटीच्या मालकीचा एक तुकडा हमरस्त्यालगत आहे. अनेक वर्षे तिथे खताची जुनी शेड आणि मागे पडीक खाचर. गोदाम बांधणारा एक विकासक येतो : भराव मी टाकतो, शेड मी बांधतो, तुम्हाला दरमहा भाडे. संचालक मंडळाचे डोळे चमकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. जेमतेम कर्जवाटपाच्या मार्जिनवर जगणाऱ्या सोसायटीला पहिल्यांदाच नफा दिसतो, आणि नफा आला की कलम ६९ आहे. चेअरमन म्हणतात, भाड्यातून मुलांना शिष्यवृत्ती देऊ, रुग्णवाहिका घेऊ. हीच आपली सामाजिक बांधिलकी.

आता कुणाकुणाचा यात संबंध येतो ते पाहा. सातबाऱ्यावर नाव असलेले सभासद आहेत, पण त्यांतले कित्येक आता कल्याणला नोकरी करतात किंवा स्वतःच गोदामाचे भाडे खातात. त्यांची जमीन कसणारे वाटेकरी आहेत, ज्यांचे नाव ना सातबाऱ्यावर ना सभासद नोंदवहीत. त्यांना पीककर्ज मिळत नाही, खत रोखीने घ्यावे लागते. पावसात आवण उपटून लावणी करणाऱ्या बायका आहेत, काही गावातल्या, काही मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या. वीटभट्टीवरचे कातकरी आहेत. खाडीत जाळे टाकणारे कोळी आहेत, ज्यांची मासळी उल्हास नदीच्या प्रदूषणाने आधीच आटली आहे. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले हमाल आणि यंत्रमाग कामगार आहेत, रेशनसाठी याच सोसायटीच्या दारात उभे राहणारे. आणि त्या पडीक खाचराच्या खालच्या अंगाला ज्यांच्या चाळी आणि शेते आहेत ती घरे आहेत. आज पावसाचे पाणी त्या खाचरात थांबते. भराव पडला की ते त्यांच्याकडे जाणार. २६ जुलै २००५ ला उल्हास खोऱ्यात पाणी कुठवर चढले होते, ते या पट्ट्यात अजून लोकांना बोटाने दाखवता येते.

विचारविनिमय नफा कसा वाटायचा इथून सुरू झाला तर या शेवटच्या घरांना शिष्यवृत्तीचा अर्ज मिळेल आणि घरात पाणी मिळेल. तो भराव टाकायचा की नाही, टाकला तर नाला कुठून काढायचा, इथून सुरू झाला पाहिजे. केंद्राच्या सहकार मंत्रालयाने २०२३ मध्ये प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी आदर्श उपविधी आणून गोदामासह पंचवीसहून अधिक व्यवसायांची वाट मोकळी केली. त्यामुळे माझे हे ‘समजा’ अनेक सोसायट्यांच्या दारात लवकरच खरे होऊन उभे राहील.

परदेशी सिद्धांत इथे उपयोगी पडतात, जपून वापरले तर. एडवर्ड फ्रीमन यांच्या १९८४ च्या ग्रंथाने, धंद्याच्या निर्णयाने ज्यांच्यावर परिणाम होतो ते सारे त्याचे हितसंबंधी, हा विचार व्यवस्थापनशास्त्रात रुजवला. पण सारे म्हणजे कोण आणि आधी कोण? १९९७ मध्ये मिचेल, ॲगल आणि वुड यांनी तीन कसोट्या सुचवल्या : सत्ता, वैधता आणि निकड. त्या आपल्या उदाहरणाला लावून पाहा. विकासकाकडे सत्ता आहे. गावाच्या पाण्यावर बोलण्याची त्याची वैधता शून्य. खालच्या अंगाच्या घरांकडे वैधता आणि निकड दोन्ही, सत्ता मात्र नाही. या तिन्हींपैकी ज्याच्याकडे जितक्या जास्त, त्याच्याकडे व्यवस्थापकाचे लक्ष तितके जास्त, असे हा सिद्धांत सांगतो; व्यवहारात मात्र व्यवस्थापक साहजिकच सत्तेकडे आधी पाहतो. सहकाराच्या अभ्यासकाने हा क्रम उलटा करावा : ज्यांच्याकडे उरलेल्या दोन गोष्टी आहेत आणि सत्ता नाही, त्यांना पहिली खुर्ची.

दुसरे नाव शेरी अर्नस्टाइन यांचे. अमेरिकी शहरांच्या अनुभवावरून त्यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांची दिशाभूल, वर लोकांचे नियंत्रण. आणि आपला ‘विचारविनिमय’ कितव्या पायरीवर? चौथ्या. नुसत्या दिखाव्याच्या गटात. आपल्या विषयाच्या नावावरच बसलेली ही चपराक नव्या अभ्यासकाने सुरुवातीलाच खाऊन घ्यावी. ऐकून घेणाऱ्यावर ऐकल्याप्रमाणे वागण्याचे बंधन नसेल, तर ते ऐकणे फुकट.

हे बंधन कसे घालायचे, याची उत्तरे आपल्याकडेही आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाळली आणि निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यास गट चालवला. सोसायटीच्या सभेत सर्वसहमती आणता येणार नाही, कायदाही मतावर चालतो. पण अभ्यास गटाची कल्पना जशीच्या तशी उचलता येते, आणि त्यात सभासद नसलेल्यांना बसवायला कुठलेही कलम आड येत नाही.

बाकी खुबी छोट्या गोष्टींत असते, आणि पुस्तके नेमकी त्यांवरून घाईने पुढे जातात. लावणीच्या दिवसांत बैठक ठेवली तर ज्यांना विचारायचे त्या बाया चिखलात असतात. भाताची झोडणी उरकली की डिसेंबर-जानेवारीत माणसे बोलायला मोकळी असतात. बैठक सोसायटीच्या कार्यालयात घेतली तर कातकरी उंबऱ्याबाहेर उकिडवा बसतो. पाड्यावर गेले तर तोच मधोमध बसून बोलतो. बायकांची बैठक वेगळी आणि आधी, नंतर एकत्र. वाटेकऱ्याला जमीनमालकासमोर कधीही विचारू नये, पुढच्या हंगामाला जमीन मिळणार नाही या धास्तीने तो ‘सगळं बरं हाय’ एवढेच म्हणेल. हमालांशी हिंदीत बोलणारा कुणी सोबत हवा. बैठक चेअरमनने चालवू नये. त्याने यावे, ऐकावे, आणि शक्यतो गप्प बसावे, जे सगळ्यात अवघड. किती पैसे आहेत आणि कशावर निर्णय आधीच झालेला आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकावे. शेवटी, काय मान्य झाले, काय नाही आणि का नाही, हे महिनाभरात त्याच पाड्यावर जाऊन वाचून दाखवावे. इतिवृत्ताचे हे परत वाचन मी सर्वांत वर ठेवतो. ते झाले नाही तर पुढच्या वर्षी कुणी बोलणार नाही, आणि तसे बोलू नयेच.

काही गोष्टी मात्र विचारायच्याच नसतात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असतात. हे पैसे (एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर) थकवून आरोग्य शिबिर भरवणाऱ्या कारखान्याने लोकांना ‘तुमच्या गरजा काय’ म्हणून विचारणे हा विनोद आहे. सोसायटीच्या शेडवरच्या हमालाची किमान मजुरी, खताच्या गोणीवरची छापील किंमत, रेशनचे माप ही देणी आहेत. देणे चुकते करायला कुणाचा सल्ला लागत नाही, आणि त्याला दायित्वाच्या अहवालात जागा नसावी.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो : आमच्या सोसायटीला नफाच नाही, मग दायित्वाचे धोरण कशाचे? पुष्कळ सेवा सोसायट्यांची हीच स्थिती आहे. पण वर पाहिलेच की मोठे प्रश्न पैसे वाटण्याचे नाहीत. वाटेकऱ्याला नाममात्र सभासद करून खताच्या यादीत घेता येईल का? मतदानाचा हक्क नाही, पण नोंद तरी होईल. पुरात सोसायटीची शेड कुणासाठी उघडेल आणि किल्ली कुणाकडे असेल? खारबंदिस्तीची उघाडी नादुरुस्त झाली की खारे पाणी शेतात शिरते, मग पाठपुरावा कुणी करायचा? यांतल्या एकालाही नफा लागत नाही, ठराव लागतो. कायद्याने संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखल्या आहेत. त्या जागांवर बसलेल्यांना सभेत बोलू दिले, तर अर्धे काम तिथेच होईल.

या विषयावर मराठीत लिहिलेले फार थोडे आहे, आणि जे आहे ते बहुतेक साखरेवर. भाताच्या, खाडीकाठच्या, शहराने गिळत आणलेल्या गावांतल्या सोसायट्यांवर तर जवळजवळ नाहीच. विद्यापीठातल्या अभ्यासकांचे या विषयात मनापासून स्वागत आहे, पण माझी खरी विनंती गटसचिवांना आहे. सभांची इतिवृत्ते तुमच्या कपाटात आहेत, थकबाकीदारांच्या याद्या तुमच्या हातच्या आहेत, आणि कुणाला कधी विचारले गेले नाही हे तुमच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. मागच्या दहा वर्षांची इतिवृत्ते काढा, प्रत्येक ठरावासमोर त्याचा परिणाम कुणावर झाला आणि तो सभेला होता का, एवढेच लिहा, आणि ते छापायला द्या.